डॉटचं मुसकं

लॉरी टेव्हिसला समुद्र आवडत नाही, हे आमच्या येरिंगप गावात सगळ्यांना ठाऊक होतं. आणि तरीही दर जानेवारीत, आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यात, तो समुद्रावर जातो, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. न जाऊन करतो काय? गव्हाची कापणी आटोपली, दाणा कोठारात पडला, की आमचा अख्खा टापू उठतो आणि दक्षिणेला, समुद्रकाठच्या आल्बनीची वाट धरतो. बापजाद्यांपासूनची रीत. कॅरव्हानची, म्हणजे गाडीमागे ओढत नेलेल्या घराची, जागा ठरलेली, शेजार ठरलेला. गावात ज्याच्या कुंपणाला आपलं कुंपण, तिथे त्याच्या तंबूला आपला तंबू. वर्षभर ज्यांची तोंडं बघून वीट आलेला असतो, तीच तोंडं अर्ध्या चड्डीत बघायला आम्ही निम्मा दिवस गाडी हाकतो. याला शहाणपण म्हणत असतील तर म्हणोत बापडे.

यंदा मात्र लॉरीला परत जायला शेत उरलेलं नव्हतं. गुडघे गेले होते. दोघे मुलगे उत्तरेला लोखंडाच्या खाणींवर गेले ते तिकडचेच झाले. शेवटी वसंतात जमीन, शेड, मेंढ्या सगळं विकून लॉरी आणि त्याची बायको बेरिल गावात भाड्याच्या घरात आले. मेंढ्यांबरोबर दोन तरणी कुत्रीही नव्या मालकाकडे गेली. उरली एक डॉट. काळी केल्पी, म्हणजे मेंढ्या राखणाऱ्या जातीची, नाकावर पांढरा ठिपका, मागचा एक पाय जरा ओढणारी. म्हातारीला कोण घेणार? आणि कुणी मागितली असती तरी लॉरीने दिली नसती, पण हे तो जीव गेला तरी बोलून दाखवणार नाही. "आता हिला कुठे टाकू," एवढंच म्हणाला आणि तिची जुनी गोणी गाडीत ठेवली.

आता मुसक्याचं सांगितलं पाहिजे, त्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

आमच्याकडे कोल्हे कोकरं खातात. म्हणून कुंपणाकडेने विष भरलेले मांसाचे तुकडे पुरून ठेवायचे, हा आमच्या शेतीचाच भाग. कोल्हा खातो आणि मरतो. पण वास काढत कुत्रंही जातं. या विषाला उतारा नाही. कुत्रं पिसाटासारखं धावत सुटतं, किंचाळतं, भिंतीवर डोकं आपटतं. अशा वेळी आमच्यात कुणी डॉक्टरकडे गाडी पळवत नाही, डॉक्टर असतो कुठे जवळ? माणूस घरात जातो आणि बंदूक घेऊन येतो. त्यालाच आम्ही दया म्हणतो, आणि दुसरं काही करता येण्यासारखं नसतंही. लॉरीने स्वतःच्या हाताने आपल्या आधीच्या कुत्र्याला, स्कीटला, असं मोकळं केलं होतं. त्या दिवशी तो जेवला नाही, बोलला नाही, आणि तेव्हापासून त्याच्या अंगणाच्या फाटकाबाहेर एकही कुत्रं मुसक्याशिवाय गेलं नाही.

बाकीच्या कुत्र्यांना मुसकं घालायचं म्हणजे कुस्ती. डॉटची गोष्टच निराळी. पिकअपचं दार वाजलं की ती आपण होऊन येऊन उभी राहायची आणि नाक पुढे करायची. लॉरीने मुसकं नुसतं धरायचं, तोंड ती स्वतः आत घालणार, आणि मगच उडी मारून गाडीत चढणार. घातलं नाही तर चढणारच नाही, ताटकळत उभी. तिच्या लेखी मुसकं म्हणजे शिक्षा नव्हतीच. मुसकं म्हणजे लॉरीबरोबर कामावर जाणं.

आल्बनीला पोचल्यावर बेरिलचा पहिला तोंडाचा पट्टा सुटला तो जागेवरून. कुत्रं आणलं म्हणून कॅरव्हानच्या तळाच्या मालकाने त्यांना कुत्रेवाल्यांच्या रांगेत टाकलं होतं, थेट संडासांच्या शेजारी. "आयुष्यभर समोर समुद्र बघत चहा प्यायले," ती म्हणाली, "आता लोकांचे टॉवेल बघत पिते."

"चहा तोच आहे ना?" लॉरी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो डॉटला घेऊन वाळूवर गेला. मुसकं घातलेलं होतं, नेहमीसारखंच. डॉटने आयुष्यात पहिल्यांदा एवढं पाणी पाहिलं, आणि पाण्याने काही मेंढरांसारखं ऐकलं नाही तेव्हा तिने आपला मोर्चा समुद्रपक्ष्यांकडे वळवला. पन्नासेक पक्षी तिने वळून वळून एका कोपऱ्यात आणून लॉरीपुढे उभे केले. आमची मंडळी खुर्च्या टाकून बसलीच होती. त्यात नॉर्म हॅलर. लॉरीचा जन्माचा शेजारी, आणि जिभेला हाड म्हणून नाही.

"काय रे लॉरी," नॉर्म सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "इथे कोल्ह्यांसाठी विष कुणी पुरलंय? देवमाशांनी?"

सगळे फिदीफिदी हसले. लॉरीही हसला, कारण हसला नसता तर आणखी हसले असते. एवढ्यात एक शहरी बाई आपल्या पांढऱ्या शेंबड्या कुत्र्याला कडेवर घेऊन थांबली.

"चावते का?"

"नाही हो. हिने माशीसुद्धा चावलेली नाही."

"मग बिचारीचं तोंड का असं डांबून ठेवलंय? किती गोड चेहरा आहे. तुम्हाला कुणी असं बांधलं तर?"

लॉरीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. समजावून सांगायचं तर कुठून सुरुवात करायची? विषापासून? स्कीटपासून? पूर आला, दुष्काळ आला, लॉरी टेव्हिस कधी कुणापुढे ओशाळला नव्हता. त्या दिवशी एका अनोळखी बाईच्या एका वाक्याने ओशाळला. बाई गेल्यावर तो वाकला, पट्टा सोडला, मुसकं काढलं आणि वाळूच्या कडेला जे कचऱ्याचं पिंप होतं त्यात टाकून दिलं. नॉर्मने टाळ्या वाजवल्या.

बेरिलने लांबून पाहिलं होतं. "ते का टाकलंस?"

"सुट्टी आहे. तिलाही सुट्टी."

"लाजलास ना?"

लॉरीने शीळ घालून डॉटला पाण्याकडे पिटाळलं.

पण पुढचे दोन दिवस, खरं सांगतो, लॉरीला असं सुखात कुणी पाहिलं नव्हतं. डॉट तोंड उघडून वाऱ्यात धावायची, शेवाळ चघळायची, नॉर्मच्या हातातले बटाट्याचे गरम काप हळूच लंपास करायची. उन्हात तिची जीभ लोंबताना लॉरी नुसता बघत राहायचा. "बेरिल, ही हसते गं," तो एकदा म्हणाला. एवढी वर्षं कुंपणापलीकडे गेलेल्या कुत्र्याचं तोंड त्याने जाळीतूनच पाहिलं होतं. त्याला मनातून फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त बरं वाटलं. विष म्हणजे माणसाने पुरलेलं असतं, आणि इथे कुणी काही पुरत नाही, असं त्याचं साधं गणित होतं.

तिसऱ्या दिवशी तो गळ घेऊन खाडीच्या धक्क्यावर गेला. चांगला मासा एकही लागेना, लागत होते ते फुग्ये. बोटभर लांबीचा, ठिपक्याठिपक्यांचा, बाहेर काढला की पोट फुगवून चेंडू होणारा निरुपयोगी मासा, गळावरचं आमिष फुकट खाणारा. लॉरीने पहिला फुग्या सोडवला आणि पाण्यात परत टाकायला हात उचलला, तर शेजारचा टोपीवाला खेकसला.

"अहो म्हातारबा! परत सोडता काय? तोच हरामखोर पुन्हा येऊन आमिष खाईल. फेका मागे."

धक्क्यावर सगळे तसंच करतात. फळ्यांवर, खाली वाळूवर, फुग्ये टाकलेले, वाळत पडलेले. तिथली रीतच ती. आणि लॉरी रीतीचा माणूस. शेतावर मेलेलं मेंढरू दिसलं तर कुत्रं पोचायच्या आत तो ते ओढून नेऊन जाळायचा, संध्याकाळचं जेवण बाजूला ठेवून जाळायचा. तोच लॉरी फुग्यामागून फुग्या खांद्यावरून मागे वाळूत भिरकावत राहिला. खाली डॉट बसली होती. त्याला वाटलं, बघा कशी शहाण्यासारखी वाट बघते.

दुपारी ते परत निघाले तेव्हा डॉटने दोनदा ओकारी काढली. मग तिचे मागचे पाय दारू प्यायल्यासारखे वाकडे पडायला लागले. कॅरव्हानपर्यंत पोचायच्या आधीच ती वाळूत बसली, बसली ती आडवी झाली. लॉरीने तिचं डोकं उचललं आणि हात सोडला तर डोकं तसंच खाली पडलं.

बेरिल धावत आली. "काय झालं?"

"विष खाल्लंय," लॉरी म्हणाला. "इथेही टाकत असतील कोल्ह्यांना. झुडपात कुठेतरी. झालं, संपलं." आणि तो वाळूत मांडी घालून बसला, तिचं डोकं मांडीवर घेतलं. "बंदूक असती तर बरं झालं असतं गं. बंदूक आणायला हवी होती."

"डॉक्टरकडे नेऊ या."

"कशाला? उतारा नाही. सुईने टोचतील, घाबरवतील. इथे निवांत जाऊ दे."

तो तसाच बसून राहिला. आजूबाजूला आमची माणसं जमली, टोप्या काढून. कुणी एक शब्द बोललं नाही, कारण सगळ्यांना तेच माहीत होतं जे लॉरीला माहीत होतं. आमच्यातल्या शहाण्यांचा हा शहाणपणा! कितीतरी अमोल मिनिटं आम्ही अशी मान खाली घालून घालवली.

बेरिल तेवढी घालवायला तयार नव्हती. ती गुडघ्यावर बसून डॉटकडे टक लावून बघत होती. "लॉरी, ही ओरडत नाहीये."

"मरतेय ती, बेरिल."

"स्कीट ओरडला होता. अख्ख्या घराला ऐकू गेलं होतं. ही धावली नाही, तडफडली नाही. हे ते नाही. ऊठ."

"बेरिल..."

"ऊठ म्हणते ना! जन्मभर तुझं ऐकलं, संडासाशेजारी राहिले, आता तू माझं ऐक. नॉर्म, बघत काय बसलायस, उचल तिला!"

नॉर्मने उचललं. बेरिलने गाडी चालवली, लाल दिव्याला न थांबता. मागच्या सीटवर लॉरी डॉटची छाती बघत होता. ती हलत होती, पण पूर्वीइतकी नाही.

दवाखान्यातली डॉक्टर म्हणजे केटलिन नावाची तरुण पोरगी. तिने डॉटच्या पापण्या उघडून पाहिल्या. लॉरी तिला म्हणाला, "सुई द्या आणि मोकळं करा. हाल नकोत. मी तिला सांभाळून धरतो."

"समुद्रावर काय खाल्लं तिने?" केटलिनने विचारलं.

"काही नाही. मी मासे पकडत होतो. फुग्येच लागत होते, ते मागे टाकत होतो..." आणि बोलता बोलता लॉरीला खाली वाळूत बसलेली डॉट आठवली.

"फुग्याच आहे," ती म्हणाली. "दर उन्हाळ्यात येतात अशी कुत्री. त्याच्या विषाने अंग लुळं पडतं, शेवटी श्वास बंद पडतो. मोठ्या शहरात यंत्र लावतात, इथे हातच आहेत. पण विष उतरेपर्यंत आपण तिच्यासाठी श्वास घेत राहिलो तर वाचेल. वाचेलच असं नाही. वाचू शकते." तिने डॉटच्या घशात नळी घातली, नळीला रबरी फुगा जोडला आणि तो लॉरीच्या हातात दिला. "असं दाबायचं. सोडायचं. पुन्हा दाबायचं. मी आणि माझी मदतनीस, दोघीच आहोत, तुम्हालाही करावं लागेल. आणि बोलत राहा तिच्याशी. ती जागी आहे."

"जागी?"

"पूर्ण जागी. हलता येत नाही, एवढंच. ऐकू सगळं येतं तिला. सुरुवातीपासून."

फुगा दाबत लॉरी बेरिलकडे बघत राहिला, आणि मग अगदी हळू म्हणाला, "मी बंदूक म्हणालो गं."

"कुत्र्याला काय कळतंय?"

"बंदूक कळते. शेतावरच्या प्रत्येक कुत्र्याला तो शब्द कळतो. मी तिच्या कानाशी म्हणालो. आणि आत्ता इथे सुई म्हणालो, मोकळं करा म्हणालो. माझ्या हाताने विष टाकलं आणि वर हे." त्याचे डोळे भरून आले. "आता तिच्याशी कुठल्या तोंडाने बोलू?"

पण बोलायला तर हवं होतं. आणि लॉरी टेव्हिसला कुत्र्याशी गोड बोलायची सवय कधी होती? त्याला जे येत होतं ते त्याने सुरू केलं. "डॉट. लांबून जा. लांबून. हं, आता मागून घे. हळू, हळू, म्हातारी मेंढी आहे ती, लंगडते. थांब. बस. आता डावीकडून. शाब्बास. फाटकाशी आण त्यांना." दाबायचं, सोडायचं. विकलेल्या शेतातले विकलेले कळप तो एकेक करून तिच्याकडून वळवून घेत होता. खारवट तळ्याकडचे, शेडमागचे, दुष्काळात मेलेलेसुद्धा. मनगटं भरून आली तेव्हा केटलिनने फुगा घेतला, पण बोलणं थांबलं नाही. बेरिल भिंतीला टेकून ऐकत होती आणि नाक पुसत होती. "त्या पोरांशी एवढं बोलला असतास," ती म्हणाली, "तर खाणीत गेली नसती." लॉरीने तेही ऐकून घेतलं.

उजाडल्यावर डॉटच्या पापणीची कड हलली. मग लॉरीने फुगा सोडला आणि दाबायच्या आधीच छाती आपली आपण वर आली. केटलिन कोपऱ्यात जाऊन खुर्चीवर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

आणखी एक दिवस डॉट दवाखान्यात राहिली. ती जिवंत होती, खात होती, बेरिलला बघून शेपटीही हलवत होती. लॉरी आला की मात्र नुसती बघायची. डॉक्टरने सांगितलं, थकलीय, सावकाश होईल. लॉरीला ते पटेना. "तिला माहीत आहे," तो एवढंच म्हणायचा. सकाळी उठून तो मुसकं शोधायला वाळूवरच्या त्या पिंपापाशी गेला होता. पिंप केव्हाच रिकामं झालं होतं, आत नवी पिशवी लावलेली होती.

निघायच्या दिवशी नॉर्म आला, गाडीत सामान भरायला. त्या दुपारपासून तो एकदाही मोठ्याने हसला नव्हता. लॉरीने गाडीचं दार उघडलं. "चल, डॉट."

डॉट आली. दारापासून चार पावलांवर थांबली. उडी मारली नाही, जवळही आली नाही. नुसती उभी, मान ताठ.

"बघ," लॉरी म्हणाला. "घाबरते मला. म्हटलं नव्हतं? येणार नाही ती माझ्याबरोबर. का यावं?" आणि तो गाडीला टेकून खाली बसला, तोंड फिरवून.

बेरिल डॉटकडे बघत होती. मग ती ओरडलीच, "अरे मूर्खा, ती घाबरलेली नाही! नीट बघ जरा. नाक पुढे करून उभी आहे ती."

लॉरीने वळून पाहिलं. डॉट मान लांब करून, नाक त्याच्याकडे रोखून, हलायचं नाव न घेता वाट बघत होती. कामावर निघताना आयुष्यभर बघत आली तशी.

त्याच्याजवळ मुसकं नव्हतं. नॉर्मकडेही नव्हतं. लॉरीने आपले दोन्ही पंजे पुढे केले, अंगठ्याला अंगठा आणि बोटांना बोटं लावून गोल केला. मनगटं अजून दुखत होती. डॉटने हुंगलं, एक पाऊल पुढे आली, आणि आपण होऊन तोंड त्या हातांच्या आत घातलं. तिचा श्वास त्याच्या तळव्यांना गरम लागत होता. लॉरी सगळ्यांदेखत, नॉर्म हॅलरच्यादेखत, पोरासारखा रडला. ते झाल्यावर त्याने हात सोडले आणि डॉट गाडीत चढली.